बैल गेला आणि झोपा केला : आपल्या घरातल्या म्हणी आणि आपले घोळ

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आजी गेली. आईची आई, माण तालुक्यातली, ब्याण्णव वर्षांची. दहावा झाला आणि सगळे पांगायच्या आदल्या रात्री आम्ही मामे-मावस भावंडं ओट्यावर बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "आजी असती तर म्हणाली असती, असतील शितं तर जमतील भुतं." तिथून सुरू झालं. ती कुठली म्हण कधी, कुणाला म्हणायची, एकेक जण सांगत गेला. मी मोबाईलवर टिपत गेले. कोंबडा आरवेपर्यंत एकशे चौदा झाल्या.

पुण्याला आल्यावर यादी नीट वाचली आणि लाज वाटली. म्हण मला वापरता येते, पण तिच्यातली वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. सुंभ कसा दिसतो? ढलपी म्हणजे काय? 'काखेत कळसा, गावाला वळसा' यातला कळसा मी आजवर देवळाचा समजत होते. देवळाचा कळस काखेत मारून बाई गावभर कशाला हिंडेल, हा प्रश्न मला त्रेचाळीस वर्षांत पडला नाही.

एका म्हणीचं तर कोडंच आहे. आजी आजोबांना (आम्ही आबा म्हणायचो) 'बैल गेला आणि झोपा केला' असं म्हणायची. रागाने नाही, हसून. आबाही हसायचे. ते जेवून दुपारी घोंगडीवर आडवे व्हायचे, म्हणून मी समजायचे की बैल चोरीला गेला आणि हा गडी खुशाल झोपला.

तुमच्या घरातल्या सांगा. सकाळी येणारे गुलाबाच्या फोटोवरचे सुविचार नकोत, ते सगळ्यांकडे येतात. ज्याच्या तोंडून ऐकलं त्या माणसासकट म्हण सांगा.

लोखंडी तवा

अहो, झोपा म्हणजे झोप नव्हे! झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं कवाड. फळ्यांचं नाही, कामट्यांचं किंवा तुराट्यांचं विणलेलं, मागून दोन आडव्या काठ्या बांधलेलं. बिजागरी वगैरे काही नाही. संध्याकाळी उचलून लावायचं, सकाळी उचलून बाजूला ठेवायचं. बैल पळाल्यावर गोठ्याला दार करायला बसला, असा अर्थ. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द दाराच्या अर्थानेच सापडेल.

बाकीचं एका दमात सांगतो. कळसा म्हणजे पाण्याचं लहान भांडं, बायका कमरेवर घेतात ते. ढलपी म्हणजे वाकसाने लाकूड तासताना उडतो तो तुकडा. लाकूड आठ हात आणि त्याची ढलपी नऊ हात, ही थाप कुठल्यातरी सुताराच्याच पडवीत जन्मली असणार.

सुंभ म्हणजे काथ्याचा दोर. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' हे नातवाला पटेना, म्हणून गच्चीत काथ्याची वीतभर दोरी पेटवून दाखवली. जळून राख झाली तरी राखेत पेड न् पेड तसाच. नातू खाली वाकला आणि त्याने फुंकर मारली. पीळ गेला. मग मला म्हणाला, "आजोबा, म्हण चुकीची आहे."

चिंचगुळ

मीही झोपच समजत होतो. ५१ वर्षं वय, त्यातली २६ मराठी शिकवण्यात गेली. आता इथेच थांबतो.

लोखंडी तवा

@चिंचगुळ, सर, निदान आता तरी झोपा करा.

दूरदेशी

आमच्या घरातली: 'पळस गेला कोकणा, तीन पाने चुकेना.' बाबा म्हणायचे. १९९९ साली मी अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर सगळे रडत होते आणि हे एवढंच बोलले. तेव्हा राग आला. निघताना आशीर्वाद द्यायचा की टोमणा मारायचा?

पहिल्याच वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काम केलं. आरतीचं ताट आधी कुणी धरायचं यावरून दोन घरांत नऊ महिने अबोला. तीन पानं मोजून घ्या. आता मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात चालली आहे. तिला पळस दाखवावा म्हटलं, तर इथे पळस कुठून आणू?

पंचांगी

माझं आवडतं प्रकरण 'दुष्काळात तेरावा महिना'. यावर लोक वरवर बोलतात, म्हणून जरा खोलात जातो. घाई असलेल्यांनी पुढे जावं.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी कमी पडतं. ही तूट भरायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक मास. गावाकडे धोंड्याचा महिना म्हणतात. आता शंका अशी, की शेतकरी पाऊस मोजतो नक्षत्रावर, आणि नक्षत्रं चालतात सूर्यावर. मृग दरवर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतं, महिना अधिक असो वा नसो. पाऊस काही तेराव्या महिन्यामुळे लांबत नाही. मग दुष्काळात त्या बिचाऱ्या महिन्याने बिघडवलं काय?

मला दोन उत्तरं सुचतात. एक म्हणजे सालगडी. त्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मजुरी सालाची ठरलेली, आणि त्या साली महिने तेरा. म्हणजे तेवढ्याच दाण्यात एक महिना जास्त राबायचं आणि एक महिना जास्त खायचं. दुसरं उत्तर जावई! धोंड्याच्या महिन्यात त्याला बोलवायचं, पुरण घातलेले धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. कणगीचा तळ दिसत असताना तेहतीस अनारसे तळायचे म्हणजे काय, हे ज्या सासूने केलं असेल तिनेच ही म्हण काढली असावी. हा माझा तर्क, पुरावा मागू नका.

२०२३ मध्ये ही म्हण शब्दशः खरी झाली होती. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, आणि तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ठरला. आमच्या जावयाला त्या वर्षी अनारसे विकतचे मिळाले. त्याला कळलं नाही, कृपया कुणी सांगू नये.

शंकेखोर

रंगात आलेल्या धाग्यात विरजण घालतो.

म्हणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण वगैरे मला पटत नाही. 'ऐकावे जनाचे करावे मनाचे' म्हणता, मग 'पाचामुखी परमेश्वर' कशाला? 'शितावरून भाताची परीक्षा' खरी, तर 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' हे काय? एकीकडे 'बळी तो कान पिळी' आणि लगेच 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ'. प्रत्येक विषाचा उतारा त्याच पेटीत ठेवलेला. असं शहाणपण कुणीही सांगेल.

माझ्या चुलत्यांनी एक प्लॉट घेतला. घेताना सगळे भाऊ गप्प. भाव पडला तेव्हा एकजात म्हणाले, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग." पाच वर्षांनी बाजूने रस्ता गेला, भाव चढला. तेच भाऊ, तोच सोफा, "धाडस केल्याशिवाय काही मिळत नाही बघ." म्हण आधी सल्ला देत नाही, नंतर शेरा मारते.

जात्यावरची

@शंकेखोर, उदाहरण फक्कड आहे, पण तुम्ही म्हणी वहीत मांडून बघताय. म्हण वहीत नसतेच मुळी. कोण, कुणाला, कुठल्या वेळी म्हणालं, यात ती असते. 'लेकी बोले सुने लागे' ही त्याचीच म्हण.

एक सांगते. १९९८ साली माझं लग्न झालं. सासरी मी केलेल्या आमटीत रोज काहीतरी उणं निघायचं, बहुतेक वेळा मीठ. सासूबाई म्हणत, "मीठ नाही घातलंस का गं?" मी मनातल्या मनात 'नावडतीचं मीठ अळणी' म्हणत पुन्हा चिमूटभर टाकायची. असं दीड वर्ष. एकदा मला ताप होता. आमटी त्यांनीच केली, मीठही त्यांनीच घातलं, वाढायला तेवढी मी उठले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणाले, "मीठ कमी आहे."

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज नावडती मी."

सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आम्ही का हसतोय. ताप उतरायच्या आत आमचं भांडण मिटलं. तीच म्हण दीड वर्ष माझ्या मनात सुरीसारखी होती.

शंकेखोर

@जात्यावरची, शस्त्रं खाली ठेवली. आमटी अजून कोण करतं?

जात्यावरची

सासरे. निवृत्त झाल्यावर शिकले. मीठ जास्त असतं, आम्ही काही बोलत नाही.

मोखाडकर

'रात्र थोडी सोंगे फार' ही म्हण मला शाळेत शिकवायला घेतली तेव्हा बाईंनी अर्थ सांगितला, "वेळ कमी, कामं जास्त." आम्हा पोरांना सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे जव्हार-मोखाड्यात बोहाडा असतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे चढवून देव, राक्षस, जनावरं एकेक करून नाचत येतात, त्यांना सोंगंच म्हणतात. एक सोंग येणार, संबळावर नाचणार, चालीचालीने पुढे सरकणार, मग दुसरं. मुखवटा जड असतो आणि आतून काही धड दिसत नाही, म्हणून पुढे हात धरायला माणूस लागतो.

माझे वडील एक सोंग घ्यायचे. सोंग घराण्यात चालत येतं, त्यामुळे आपला नंबर सोडता येत नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा आधीची सोंगं इतकी रेंगाळली, की त्यांची पाळी आली तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. बघे उठून घरी निघालेले. पलित्यांचं तेल संपलेलं. वडील मुखवटा बांधून तासभर कडेला बसून होते. ते तरीही नाचले. समोर मी, आई, आणि झोपलेली दोन कुत्री.

म्हण आमच्याकडूनच आली असा दावा नाही. रात्रभर सोंगं कोकणात दशावतारातही चालतात. पण ऑफिसात कुणी मार्चअखेरीला ही म्हण टाकली, की मला ती दोन कुत्री आठवतात.

दूरदेशी

@मोखाडकर, दोनदा वाचलं. यावर वेगळा धागा काढा, विनंती आहे.

पांढरी काठी

पहिल्यांदाच लिहितो आहे. मला दिसत नाही. फोन धागा वाचून दाखवतो, तो ऐकतो (तो 'ढलपी' असा काही म्हणतो की मजा येते).

आंधळ्यांवर मराठीने सढळ हाताने म्हणी खर्च केल्या आहेत. 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही बँकेत नोकरी लागली तेव्हा मला तोंडावर ऐकवली गेली. म्हणणारा प्रेमाने म्हणत होता. मी परीक्षा दिली होती, मागितलं काहीच नव्हतं. 'आंधळ्याच्या गाई देव राखतो' हीसुद्धा ऐकली. त्या देवाला माझं सांगणं आहे की गाई मी राखेन, तू फुटपाथवरच्या गाड्या तेवढ्या हलव.

पण 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही मला आवडते. गैरकारभारावर टोमणा म्हणून सगळे ती वापरतात, दोष आंधळ्यावर जातो. जरा चित्र बघा (बघा म्हणतो, मला अडचण नाही). जात्याभोवती पीठ सांडतंय. दळतंय कोण? आंधळं. घरातले डोळस कुठे आहेत? कुत्रं हाकलायलाही कुणी उठत नाही. त्या अख्ख्या म्हणीत काम करणारं माणूस एकच आहे. आणि मी लहानपणी आजीबरोबर जात्यावर बसलेलो आहे, म्हणून ठामपणे सांगतो: पीठ खाणाऱ्या कुत्र्याचा आवाज येतो. चांगला चपचप येतो. आंधळ्याला ठाऊक होतं. खुंटा सोडला तर दळण अडणार, म्हणून ते उठलं नसेल.

जात्यावरची

मी एवढी 'जात्यावरची' म्हणून मिरवते आणि हा कोन मला कधी सुचला नाही.

चिंचगुळ

सोमवारी वर्गात हेच सांगणार. नाव घालून सांगू की न घालता?

पांढरी काठी

'एका आंधळ्याने सांगितलं' म्हणा. म्हण तयार होईल.

टाळकरी

आमच्या आळीत एक पाटी रंगवली आहे: 'नाही निर्मळ मन, काय करील साबण'. चुकीची आहे असं मी म्हटलं की लोक अंगावर येतात. तुकोबांच्या अभंगात शब्द आहे 'जीवन'. नाही निर्मळ जीवन, काय करील साबण. इथे जीवन म्हणजे पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबण घासून कपडा कसा निघणार, असं नदीकाठचं साधं चित्र, आणि मग पुढच्या चरणात 'तैसे चित्त शुद्ध नाही' असं येतं. आधी पाणी, मग चित्त. आपण पाणी काढून टाकलं आणि पहिल्याच ओळीत मन घातलं, त्यामुळे साबण लावायला जागाच उरली नाही.

आणखी मजा म्हणजे ज्या भिंतीवर ती पाटी आहे, त्या भिंतीखालच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही तांबूस.

लोखंडी तवा

पाटी बदलायला सांगू नका. 'निर्मळ जीवन' लिहिलं तर नगरपालिकेला टोमणा समजतील.

शंकेखोर

@रानजाई, एकशे चौदापैकी इथे दोन-तीनच आल्या. बाकीच्या कधी टाकताय? आणि यादीत जातींवरच्या, बायकांवरच्या असतीलच. त्या गाळून टाकणार असाल तर तो संग्रह कसला?

रानजाई

प्रश्न बरोबर आहे. अकरा म्हणी तशा आहेत. काही गावातल्या जातींवर, काही बायकांच्या अकलेवर. त्या आजीच म्हणायची, आणि त्यातल्या बायकांवरच्या दोन तिने माझ्या मोठ्या मामीला किती वेळा ऐकवल्या, ते मामीने त्या रात्री ओट्यावर हसत हसत सांगितलं. बोलता बोलता तिचं हसू थांबलं. वहीत मी त्या लिहून ठेवल्या आहेत, कारण आजी तशीही होती. इथे टाकणार नाही. इथून उचलून कुणीतरी गुलाबाच्या फोटोवर चिकटवेल.

बाकीच्या टाकते हळूहळू. आज एक: 'दुखणं येतं हत्तीच्या पायी, जातं मुंगीच्या पायी.' शेवटच्या वर्षी ती स्वतःच्या गुडघ्याला उद्देशून म्हणायची. मग गुडघ्यावर हात फिरवून विचारायची, "मुंगी कुठवर आली गं?" मला 'अजून फलटणलाच आहे' असं काहीतरी सांगावं लागायचं. तेवढं एक खोटं रोजचं.

पंचांगी

फलटणहून माणला यायला मुंगीला किती अधिक मास लागतील ते काढून ठेवतो.

रानजाई

झोप्याचा उलगडा झाला. @लोखंडी तवा, तुमचे आभार.

काल मोठ्या मामाला फोन केला. त्याला म्हटलं, मी इतकी वर्षं झोपा म्हणजे झोप समजत होते. तो इतका हसला की मामीने फोन घेतला. मग शांत झाल्यावर त्याने सांगितलं, ते मी जमेल तसं त्याच्याच बोलीत लिहिते.

"आगं, आपला बैल कुठं पळून गेलता? इकला आबांनी. बाहत्तर सालच्या दुष्काळात. जोडी हुती. वैरण न्हाई, पाणी न्हाई. आमी समदी खडी फोडायला जायाचो, तितं सुकडी मिळायची. मानसाला तांबडी मिलो, जनावराला काय? दिली इकून, मिळंल त्या पैशाला. त्या उन्हाळ्यात सरपान बी न्हवतं. गोठ्याचा जुना झोपा आयनं मोडून चुलीत घातला. रिकाम्या गोठ्याला झोपा कशाला?

"म्होरल्या साली पाऊस झाला. तुरी आल्या. आबांनी तुराट्या काढल्या आन् दोन दिस बसून नवा झोपा इणला. गोठ्याला लावला. आत काय? काय बी न्हाई. आय पाण्याची घागर घिऊन आली, बगितलं, आन् म्हनली, बैल गेला आन् झोपा केला! आबा म्हनलं, झोपा केलाय, आता बैल यील."

मी विचारलं, आला का?

"आला की. दोन सालानं. पन एकच. दुसरा शेजाऱ्याचा, वारंगुळ्यानं नांगरायचं. आधी त्यांचं रान, मग आपलं."

म्हणून आजी हसायची का, असं मी विचारलं.

"हसंल न्हाय तर काय करंल? बैल आला एक, आन् आबांनी झोपा इणलेला जोडीच्या मापाचा. बैलाच्या बाजूनं पार मानूस आत जायचं."